दाजीसाहेबांच्या मोटारसायकलची खुर्ची

दाजीसाहेब देशमुख हा चांगला माणूस नव्हता. हे पहिल्याच ओळीत लिहून मोकळा होतो, कारण आमच्या जानेफळात सध्या त्यांना चांगला करून टाकण्याचं काम जोरात चालू आहे. मलकापूरला ते वारले त्याला आता वर्ष होत आलं. परवा गावच्या सभेत, वेशीवर त्यांच्या नावाची कमान बांधावी असा विषय निघाला. 'परोपकारी', 'माताभगिनींचे कैवारी' असे शब्द ऐकू आले. आणि बोलणारे कोण? ज्यांनी आपल्या घरची एक बाई त्यांच्या गाडीत बसू दिली नाही, ते. मी उठून बोलायला लागलो. मला सदरा ओढून खाली बसवलं. म्हणून लिहितो.

गावातल्या मोठ्या वावरवाल्या देशमुखांचे हे धाकटे भाऊ. सगळा कारभार थोरल्यांच्या हातात. दाजीसाहेबांची बायको लग्नानंतर लवकरच तापानं गेली, दुसरी त्यांनी केली नाही. शेतीत पाय ठेवला तर तो भांडायलाच. सालदाराच्या थोबाडीत मारताना मी त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि का, तर त्यानं मोटारसायकलच्या दिव्यावर ओलं धोतर वाळत घातलं म्हणून. तोंडात कायम पान आणि पानाच्या जोडीला शिवी. शिवी देताना ते माणूस पाहत नसत. तहसीलदार, न्हावी, बैल, सगळ्यांना एकच माप.

प्रेम होतं ते एकाच गोष्टीवर. काळी, भक्कम, लांब पल्ल्याची मोटारसायकल. दोन्ही बाजूंना चामड्याच्या पिशव्या, पुढं वारा अडवायला काच, मागं पेट्रोलचा डबा बांधायला लोखंडी चौकट. दिवाळी झाली की स्वारी 'टूर'वर निघायची. हैदराबाद झालं, अजमेर झालं, पुरी झालं. परत आले की महिनाभर ओट्यावर बैठक. अर्धं खरं, अर्धं थाप.

"ओंकारेश्वराच्या घाटात वाघ आडवा आला. म्या हॉर्न वाजवला. त्यानं बाजू देल्ली."

"वाघच होता का दाजीसाहेब, का बिबट्या?"

"तुह्या बापाले विचार. तो बी होता ना तिथी, माह्या मागं बसून!"

माझी आणि त्यांची ओळख पत्रकातून झाली. जानेफळला सरकारी दवाखाना हवा, म्हणून आम्ही चार पोरांनी चळवळ उभी केली होती. पत्रकं मी लिहायचो. पहिल्याच पत्रकात मी लिहिलं होतं: 'गावची बाई अडली तर बैलगाडीत मरते, आणि देशमुखांचा भाऊ फटफटीवरून देश पाहत हिंडतो!' दुसऱ्या दिवशी दाजीसाहेब पत्रक घेऊन आमच्या दारात हजर. माझी आई घाबरून आत पळाली. मी छाती काढून उभा राहिलो.

"हे तू लिवलं बे?"

"हो. आणि शब्द मागं घेणार नाही."

"तुले कोन मागं घ्याले सांगते? पन फटफटी काऊन लिवलं? फटफटी किराणेवाला चालवते. ही मोटारसायकल हाये. पुढच्या पत्रकात दुरुस्ती कर."

आणि पानाची पिंक टाकून निघून गेले. बाई मरते, या शब्दांवर त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. मला त्या दिवशी जितका राग आला तितका शिव्या खाऊनही आला नसता.

मग गणपतची बायको अडली. गणपत म्हणजे तोच थोबाडीत खाल्लेला सालदार. सुईणीनं हात टेकले, मेहकरला न्या म्हणाली. दाजीसाहेबांना कुठून तरी कळलं आणि त्यांनी गाडी थेट गणपतच्या झोपडीसमोर आणून उभी केली. "बसव मागं. चुटकीत नेतो."

गणपतची आई दारात आडवी उभी राहिली. म्हातारीनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "माही सून तुमच्या कंबरेले हात घालून बसन का, देशमुख? का तुम्ही तिच्या?"

कोणी हसलं नाही. आमच्याकडं बाई परक्या पुरुषाच्या मागं गाडीवर बसत नाही. मरायला टेकली असली तरी बसत नाही, आणि बसावी असं तिच्या माणसांनाही वाटत नाही. गणपतनं बैल जुंपले. बाई वाचली. मूल मेहकरच्या अलीकडंच गेलं.

आता कमानवाले म्हणतात, दाजीसाहेबांचं काळीज त्या दिवशी हललं. काळीजबिळीज काही नाही. त्यांचा अपमान झाला होता. आठवडाभर ओट्यावर एकच रड: "माह्या गाडीले नाही म्हन्ते! समुद्र पाहून आली थे गाडी, अन् एक म्हातारी तिले नाही म्हन्ते!" पण इतरांचं काळीज हलतं आणि तिथंच थांबतं, यांचा अपमान मात्र उठून मलकापूरला गेला. एवढा फरक होता आणि तो मोठा होता.

मलकापूरच्या एका कापूसवाल्याच्या गोदामात लष्कराच्या लिलावातला एक जोडखटारा पडून होता. मोटारसायकलच्या बाजूला जोडतात तो, एका चाकाचा, पुढून होडीसारखा निमुळता. आत कोंबड्यांनी अंडी घातलेली. मला त्याच दिवशी मलकापुरातून पत्रकांचे गठ्ठे आणायचे होते, म्हणून त्यांच्या मागं बसून गेलो. म्हणून सगळं पाहायला मिळालं.

स्टेशनच्या रस्त्यावर करीम मिस्त्रींचं दुकान. ट्रकच्या कमानी आणि टांग्याची चाकं यांतच जन्म गेलेला माणूस. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टाकीवर हात फिरवला आणि म्हणाले, "साहेब, गुस्सा नका करू. पन शर्यतीच्या घोड्याले तुम्ही टांगा जुंपून राह्यले."

"जुंप म्हनतो ना."

"मग सांगतो ते आयका. ओझं वढायचं म्हंजे पुढची दात्याची चकती लहान बसवा लागन. जोर येईन, वेग जाईन. कायमचा."

त्या हिवाळ्यात दाजीसाहेब कन्याकुमारीला निघणार होते, साऱ्या गावाला सांगून झालं होतं. त्यांनी पान थुंकलं, काचेवरची धूळ उपरण्यानं पुसली.

"काढ चकती," म्हणाले.

दोन दिवस ते काम चाललं. चौकटीला चार ठिकाणी पट्टे आवळले. मिस्त्रींनी मोटारसायकलच्या दोन्ही चाकांना लागून एक सरळ फळी जमिनीवर ठेवली, बाजूच्या चाकाला दुसरी, आणि दोन फळ्यांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजलं. पुढं किंचित कमी हवं, नाहीतर गाडी जन्मभर डावीकडं ओढत राहते. गाडीही जराशी उजवीकडं कललेली हवी. दाजीसाहेबांना हे सगळं आपल्यालाच जास्त कळतं असं वाटत होतं. दोघं इतके भांडले की शेजारचा पानवाला मध्ये पडला. पहिल्यांदा दाजीसाहेबांचं ऐकून पट्टे आवळले, आणि गाडी सरळ गटारात गेली. दुसऱ्यांदा मिस्त्रींचं ऐकलं, तर रस्त्यावर नीट धावली. पण डावीकडं वळताना रिकामा खटारा हवेत उठला आणि मिस्त्री टोपी धरून ओरडत मागं धावले. "खाली नका चालवू! वजन ठेवा, वजन!"

"वजन कुठी हाये?" म्हणत दाजीसाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मला पाहिलं. "चाल बे पत्रकवाल्या. तुहे गठ्ठे घे अन् बस."

असा मी जानेफळात शिरलो, कोंबड्यांच्या वासात, मांडीवर क्रांतीचे गठ्ठे घेऊन. पोरं मागं धावत होती. गावानं त्या खटाऱ्याला पहिल्याच दिवशी नाव दिलं: खुर्ची.

खुर्चीचं म्हणणं सोपं होतं. बाई बाजूला बसते, कोणाला धरत नाही, कोणी तिला धरत नाही. मांडीवर चादर, डोक्यावर पदर, हवं तर नवरा मागच्या सीटवर. म्हातारीच्या प्रश्नाला दाजीसाहेबांनी लोखंडात उत्तर दिलं होतं.

पहिली बसली ती बौद्धवाड्यातली शांता. तिच्या माणसांनी आढेवेढे घेतले नाहीत. दुसऱ्या दिवशी देवळासमोर चर्चा सुरू झाली, की आता खुर्ची धुतली पाहिजे, गोमूत्र शिंपडलं पाहिजे. दाजीसाहेब म्हणाले, "म्या काय मोलकरीण हावो का खुर्ची धुवाले? ज्याले धुवायची त्यानं यावं, बादली देतो." यात समता नव्हती, हे मी पैजेवर सांगतो. यात आळस होता आणि गावाबद्दलची तुच्छता होती. पण खुर्ची धुतली गेली नाही. मग मोठ्या घरांनी तोड काढली. प्रत्येक घर आपली वाकळ घेऊन यायचं, खुर्चीत अंथरायचं, बाई त्यावर बसायची, आणि परत आल्यावर वाकळ काढून न्यायचं. जातीला एक वाकळ पुरते, हे मला तेव्हा कळलं. मी त्यावर पत्रक काढलं. ते कोणी वाचलं नाही.

बायका मात्र त्या खुर्चीबद्दल आपसात वेगळंच बोलायच्या. ते मला आईकडून कळलं. वाटेत दाजीसाहेब त्यांना म्हणायचे, "वरड. पोट भरून वरड. इंजिनाच्या आवाजात कोनाले आयकू येते?" बैलगाडीत बाई दात आवळून पडते, कारण पुढं सासरा बसलेला असतो. खुर्चीत तिला ओरडता यायचं. वर शिव्या द्यायला माणूस सोबत. गणपतच्या बायकोचं पुढच्या खेपेचं बाळंतपण त्याच खुर्चीनं मेहकरला नेऊन झालं, आणि तिनं म्हणे सालदारकीच्या सगळ्या शिव्या तेवढ्या वाटेत परत फेडल्या. दाजीसाहेबांनी मुकाट ऐकल्या.

मग सुलतानपूरची बाई मेली.

दाजीसाहेब कोणाला तरी मेहकरला सोडून परत निघाले होते. दवाखान्याच्या आवारात एक माणूस बायकोचं प्रेत पुढ्यात घेऊन बसला होता. एस.टी. मढं घेत नाही. बैलगाडीवाला परतायला रात्र होईल म्हणून येत नव्हता. दाजीसाहेबांनी त्या नवऱ्याला आधी भरपूर शिव्या घातल्या, मग त्याच्या बायकोला खुर्चीत ठेवलं, त्याला मागं बसवलं आणि भर दुपारी बाजारातून सुलतानपूरला नेऊन पोचवलं. ज्यांनी पाहिलं त्यांच्यात जानेफळचेही होते.

बस्स. खुर्ची संपली. बौद्धवाड्याची बाई वाकळ टाकून चालली होती, मढं चाललं नाही. बाळंत होणारी बाई मढ्याच्या जागेवर बसवायची कशी? हे कुठल्या एका जातीचं म्हणणं नव्हतं. सगळ्यांचं एकमत झालं. माझ्या हयातीत गावाचं पहिल्यांदा एकमत झालं आणि ते यावर. शांताच्या सासूनंही मान हलवली.

दाजीसाहेब चिडले. ते रोज दुपारी खुर्ची चावडीसमोर लावायचे, तिच्यात पाय पसरून झोपायचे, आणि उठले की ओरडायचे, "पाहा! मेलो का म्या?"

गणपतच्या आईनं एकदा जाता जाता उत्तर दिलं. "तुम्ही कायले मरता? तुम्ही थोडेच बाळंत होनार हायत!"

चावडी हसली. दाजीसाहेबही हसले, पण उशिरा.

मी दारोदार हिंडलो. अंधश्रद्धेवर खणखणीत पत्रक लिहिलं. ते वाचून पटलं असं सांगणारं एकच माणूस भेटलं, आणि ते देशमुखांच्याच घरात होतं. थोरल्या देशमुखांची सून, मालती. माझ्या शाळेतल्या सोबत्याची, वसंताची बायको. अकोल्याकडची, वाचणारी. तिला दिवस गेले होते. तिनं सासूसमोर सांगून टाकलं, "काकाजी, माझ्या वेळेले तुमचीच गाडी बरं का. मी वाकळबिकळ नाही आणनार."

दाजीसाहेबांनी त्या शब्दांचं काय केलं ते मी पाहिलं आहे. त्यांनी खुर्चीत नवी गादी भरली. मलकापूरहून स्प्रिंग आणून बसवली. शेवटच्या महिन्यात ते गावाबाहेर गेले नाहीत. रोज सकाळी इंजिन चालू करून पाहायचे आणि बंद करायचे. लोक म्हणायचे, म्हातारा सुनेपेक्षा जास्त दिवस मोजून राह्यला.

आणि ती सकाळ आली. सुईण बाहेर येऊन म्हणाली, पोर आडवं आहे, मेहकरला न्या, वेळ घालवू नका. ती हे बोलली तेव्हा मोटारसायकल दारात चालू होती.

थोरल्या वहिनी उंबऱ्यात आल्या. "थे मढ्याची खुर्ची दारातून हालवा. माही सून तिच्यात बसनार नाही."

आतून मालतीचा आवाज आला, "सासूबाई, मले चालते."

थोरल्या देशमुखांनी वसंताला सांगितलं, "दमणी जुंपाले सांग." एवढंच. आवाज चढवला नाही.

इथं मी दाजीसाहेबांना माफ करत नाही. तहसीलदाराला शिवी देणारा हा माणूस थोरल्या भावासमोर जन्मात बसला नव्हता, उलटून बोलला नव्हता. "दादा, माही गाडी..." एवढं म्हणाले आणि थांबले. त्यांनी आत जाऊन तिला उचलायला हवं होतं. शिव्या द्यायला हव्या होत्या. त्यांच्याकडं होत्या, सगळ्या जगाला पुरतील इतक्या. त्यांनी मान खाली घातली. देशमुखांच्या घरची रीत त्यांच्याही अंगात होती, नुसती मोटारसायकलच्या धुरात दिसत नव्हती. आणि वसंता? वसंता शिकलेला. तो बैल आणायला गेला.

दमणी, म्हणजे देशमुखांची घरची हलकी बैलगाडी, निघाली. पडदा लावलेला. पुढं थोरले देशमुख, शेजारी वसंता, आत मालती आणि सासू. मी सायकलीवर मागं. आणि दमणीच्या बाजूनं, बैलाच्या पावलानं, दाजीसाहेब रिकामी खुर्ची घेऊन चालले.

पहिल्या गिअरमध्ये मोटारसायकल फार वेळ चालत नाही, इंजिन तापतं. म्हणून ते पुढं जायचे, एखाद्या बाभळीखाली गाडी उभी करायचे, आणि दमणी आली की उपरणं हातात घेऊन रस्त्यात उभे राहायचे.

"दादा, आता तरी."

दादा समोर पाहायचे. दमणी बाजूनं निघून जायची.

पुढच्या वळणावर पुन्हा. "दादा, पोर हाये थे. पाया पडतो."

पडद्याआडून आवाज, "काकाजी, थांबा. मी उतरते."

"पड चुपचाप," सासूचा आवाज.

मी सायकल पुढं घेतली, वसंताला म्हणालो, "वसंता, अरे बोल की!" वसंता बैलाच्या शिंगांकडं पाहत होता. थोरल्या देशमुखांनी माझ्याकडं पाहिलं. "हे घरातलं हाये. तू तुहं पत्रक लिही."

त्याच्या पुढच्या थांब्याला दाजीसाहेब ओरडले, "मालती! पोरी!"

आतून कोणी बोललं नाही.

मेहकरला डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. पोर आधीच गेलं होतं. ती दुपार कलल्यावर गेली. डॉक्टर बाहेर येऊन एकच म्हणाले, जरा आधी आणली असती. हे ते कोणाला म्हणाले कळलं नाही, कारण ऐकायला कोणी वर पाहिलं नाही.

दाजीसाहेब दवाखान्याच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते. त्यानंतर ते घरात राहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी घेऊन मलकापूरला गेले, करीम मिस्त्रींच्या दुकानामागं खोली घेतली आणि तिथंच संपले. मला ते पुन्हा दिसले नाहीत. म्हणून ती संध्याकाळच मी शेवटची धरतो.

थोरले देशमुख त्यांच्याजवळ आले. बैल थकले होते. वसंता आणि त्याची आई एस.टी.नं येणार होते. दिवस मावळायच्या आत पोरीला घरी न्यायचं होतं, अंत्यविधी गावातच व्हायला हवा होता.

"दाजी," थोरले म्हणाले, "तुही खुर्ची रिकामीच हाये ना."

दाजीसाहेबांनी वर पाहिलं. "मढ्याची हाये, दादा."

"म्हनूनच म्हनून राह्यलो."

मला वाटलं, आता हा माणूस उठेल आणि भावाच्या नरड्याला हात घालेल. तो उठला. आत गेला. मालतीला त्यांनी स्वतः उचलून आणलं आणि नव्या गादीवर बसवलं. मान कलत होती, म्हणून उपरण्यानं तिला पाठीशी बांधलं. गाठ आवळली, सैल केली, पुन्हा आवळली, जणू तिला ती लागेल. पदर सारखा केला.

थोरले देशमुख जन्मात पहिल्यांदा त्या गाडीवर बसले. धोतर सावरत मागच्या सीटवर. एक हात खुर्चीच्या काठाला, दुसरा भावाच्या खांद्याला. गाडी चालू झाली तशी धक्क्यानं तो हात खांद्यावरून घसरला आणि त्यांनी भावाची कंबर घट्ट धरली.

"हळू चालव," ते म्हणाले.

दाजीसाहेबांनी मान वळवली नाही.

"सकाळपासून हळूच चालवून राह्यलो ना, दादा," ते म्हणाले, आणि गाडी रस्त्याला लागली.